लिंगोचे गीत आणि रोमचे राजे

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकास गोंदिया जिल्हा वसलेला आहे. त्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगड व मध्य प्रदेश यांच्या सीमेजवळ, वनराजीने झाकलेल्या डोंगरांत कचारगडच्या विस्तीर्ण नैसर्गिक गुहा आहेत. दरवर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास निरनिराळ्या राज्यांतील गोंड लोक सहकुटुंब येथे येतात आणि डोंगर चढून गुहेचे दर्शन घेतात. आपल्या समाजाचा आरंभ याच स्थानी झाला, अशी त्यांची श्रद्धा आहे.

त्याविषयीची कथा मोठी हृद्य आहे. कली कंकाली मातेची मुले या गुहेत कोंडली गेली होती. गुहेच्या तोंडाशी प्रचंड शिळा होती. ती काही केल्या हलेना. तेव्हा पारी कुपार लिंगो या ज्ञानी पुरुषाने जंगो मातेच्या साहाय्याने मुलांना सोडविण्याचा निश्चय केला. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने आपल्या किंगरीवर असे सूर छेडले, की ते ऐकून आतील मुलांच्या अंगी विलक्षण बळ संचारले. सर्वांनी एकजुटीने शिळा लोटली. मुले मुक्त झाली. परंतु घरंगळत्या शिळेखाली सापडून हिरासुका गतप्राण झाला. पुढे लिंगोने त्या मुलांना ज्ञान दिले, त्यांची कुळे ठरविली आणि विवाहाचे नियम घालून दिले.

लिंगोची गाथा परधान गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली. नागपुरास राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून तिचा एक पाठ उतरवून घेतला. १८६३ मध्ये हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. त्यानंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी तो प्रसिद्ध केला. त्या पाठात गोंडांना महादेव कोंडतो आणि ती गुहा धवलगिरीत असल्याचे सांगितले आहे. मुखातून मुखात जाणारे गीत असेच असते; गाव बदलले की कथेचा तपशीलही बदलतो.

आपल्या आरंभाची कथा काव्यात गुंफण्याची ही रीत दूरच्या रोममध्येही होती. इ. स. पू. ७० मध्ये जन्मलेल्या व्हर्जिल या कवीने लॅटिन भाषेत ‘ईनिड’ हे बारा सर्गांचे महाकाव्य रचले. ट्रॉय नगरी जळाल्यावर ईनिअस हा वीर वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन बाहेर पडतो आणि अनेक संकटे सोसून इटलीच्या किनाऱ्यास लागतो. त्याच्याच वंशात पुढे रोमचे संस्थापक जन्मले, असे हे काव्य सांगते.

येथे एक अडचण होती. प्राचीन विद्वानांच्या एका गणनेप्रमाणे ट्रॉयचा पाडाव इ. स. पू. ११८४ मध्ये झाला, तर रोमची स्थापना इ. स. पू. ७५३ मधील मानली जाई. मधली चारशेहून अधिक वर्षे रिकामी राहत होती. ती भरून काढण्यासाठी आल्बा लोंगा या नगरीच्या राजांची एक मालिकाच परंपरेने निर्माण केली. सहाव्या सर्गात ईनिअस पाताळात उतरतो, तेव्हा त्याचा मृत पिता त्याला पुढे जन्मणाऱ्या वंशजांचे आत्मे दाखवितो. त्यांत हे आल्बाचे राजे आहेत, रोम्युलस आहे आणि कवीच्या काळी राज्य करणारा ऑगस्टसही आहे. ऑगस्टसचे घराणे ईनिअसच्या मुलापासून आपला वंश सांगत असे. प्राचीन राजांच्या कथेमुळे नव्या सत्ताधीशाच्या मस्तकी पुरातन तेज चढले.

मग अशा काव्यांना इतिहास म्हणावे काय? इतिहासकार शिलालेख, नाणी, उत्खननात सापडलेल्या वस्तू आणि समकालीन लेख यांवरून घटना पारखून घेतो. या कसोटीवर आल्बाचे राजे टिकत नाहीत. कचारगडची शिळा कोणत्या वर्षी हलली, हेही कोणी सांगू शकणार नाही. तथापि एखादा समाज स्वतःस कोण समजतो, कोणाविषयी कृतज्ञ आहे आणि कोणते गुण थोर मानतो, हे ही काव्ये स्पष्ट दाखवितात. आणि हे जाणणे हाही इतिहासाच्या अभ्यासाचाच भाग आहे.

दोन्ही काव्ये शेजारी ठेवली, की त्यांतील भेद ध्यानी येतो. रोमच्या काव्यात एका राजामागून दुसरा राजा येतो आणि अखेर साम्राज्य उभे राहते. लिंगोच्या कथेत सिंहासन नाही, राजमुकुट नाही. तेथे शिकविणारा गुरू आहे, एकजुटीने शिळा लोटणारी मुले आहेत आणि इतरांच्या मुक्ततेसाठी प्राण वेचणारा एक वादक आहे. रोमच्या काव्याला सम्राटाचा आश्रय लाभला. लिंगोच्या गीताला परधानांच्या कंठाचा आणि किंगरीचा आधार होता. जो समाज आपल्या आरंभकथेत राजाच्या जागी गायकाला स्मरतो, त्याच्या गीतांचे जतन करणे हे सुशिक्षितांचे कर्तव्यच होय.