टाळूवरील सुई आणि तिच्याआधीचे निदान

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील केशोपचार केंद्रांत ‘पीआरपी’ म्हणून दिले जाणारे इंजेक्शन रुग्णाच्याच रक्तापासून तयार होते. शिरेतून काढलेले रक्त यंत्रात वेगाने फिरवल्यावर नळीच्या तळाशी लाल थर, त्यावर पांढुरकी बारीक रेषा आणि वर फिकट पिवळा द्रव साठतो, व त्यातील प्लेटलेट्सचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म कणांचा, अधिक दाट भाग टाळूत ठिकठिकाणी टोचला जातो. आनुवंशिक टकलात संप्रेरकामुळे आक्रसत चाललेल्या मुळांना याचा काही रुग्णांत लाभ होतो, पण तो टिकवण्यासाठी पुन्हा पुन्हा सुई घ्यावी लागते, आणि जेथे मूळच उरलेले नाही तेथे तिचा उपयोग नसतो.

पोळलेल्यांचे अनुभव पाहता खरी फसगत निदान न करताच पॅकेज घेण्यात होते. ऑगस्टमध्ये डेंग्यू होऊन गेलेल्या व्यक्तीचे केस दिवाळीच्या सुमारास विंचरताना झुपक्यांनी येऊ लागतात, कारण तापाच्या धक्क्याने असंख्य केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात. टेलोजेन एफ्लुव्हियम नावाची ही गळती बाळंतपणानंतर वा कडक डाएटनंतरही होते आणि बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. महिन्याला एक अशा सिटिंगचे पॅकेज नेमके याच काळात पुरे होत असल्याने श्रेय सुईला मिळते (हप्ते मात्र रुग्णाकडे राहतात). म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून, उदाहरणार्थ कूपर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात, तपासणी करून थायरॉईड व रक्तातील लोहसाठ्याची चाचणी आवश्यक आहे का, हे विचारावे.

मार्च २०१९ मध्ये चिंचपोकळीत केशरोपण करून घेतलेल्या साकीनाक्याच्या एका व्यावसायिकाचा दोन दिवसांत मृत्यू झाला, तेव्हा तीव्र ॲलर्जीचा संशय व्यक्त झाला होता. ती शस्त्रक्रिया होती, इंजेक्शन नव्हे. तरी टाळू बधिर करण्याचे औषध पीआरपीतही वापरले जात असल्याने, अशी ॲलर्जी उद्भवल्यास लागणारी औषधे व ती देऊ शकणारा डॉक्टर जागेवर आहे का, हे विचारणे रुग्णाच्या हिताचे असते. यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहणे हे अशा सौंदर्योपचारांसाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले आहे.

‘आपलेच रक्त, मग धोका कसला’ हा युक्तिवादही अपुरा आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत एका स्पामध्ये पीआरपीचाच चेहऱ्यावर उपचार घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले. म्हणून सुई व नळीचे पाकीट समोर फोडले जावे, नळीवर रुग्णाचे नाव रक्त काढतानाच लिहिले जावे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती डॉक्टरांना आधीच सांगावी.