जुनी हार्ड डिस्क घ्यायला निघालास, तर…

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जुनी डिस्क बघायला निघालायस, तर आधी थोडं ऐकून घे. नवीनच घे असं मी म्हणणार नाही. पारखून घेतली तर घरच्या बॅकअपला जुनी डिस्क छान चालते. अट एकच: आजोबांच्या फोटोंची एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवायची नाही. हे कबूल असेल तरच पुढचं.

दुकानदार सांगेल, "हंड्रेड पर्सेंट हेल्थ आहे." त्या टक्क्यांवर जाऊ नकोस. लॅपटॉप आणि यूएसबी डॉक बरोबर ने. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून डॉकचा अडॅप्टर विसरू नकोस. डिस्क काउंटरवर सपाट ठेव आणि फिरत असताना उचलू नकोस; कान तिच्याजवळ ने. सुरू होतानाची घरघर चालते, पण ठरावीक अंतराने टक्-टक् ऐकू आली की तिथेच परत दे.

मग लॅपटॉपवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघड आणि तीन ओळींचे रॉ आकडे बघ: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि अजून निकाल न लागलेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. हे आकडे हेक्समध्ये दिसू शकतात, गोंधळू नकोस. आपल्याला तिन्हीकडे निव्वळ शून्य हवं. सी५ मध्ये काहीही असेल तर डिस्क फुकटात मिळाली तरी घेऊ नकोस. सी७ ला मात्र घाबरायचं कारण नाही. तो बहुतेकदा केबलचा दोष असतो आणि जुना आकडा कमी होत नाही. केबल बदलून तो वाढत नाही ना एवढं पाहा.

आता तास. वर्षाचे तास ८,७६०. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये रात्रंदिवस चाललेली डिस्क तीन वर्षांत २६,००० च्या पुढे जाते. तास जास्त आहेत म्हणून मी डिस्क नाकारत नाही, तास लपवलेले दिसले तर नाकारतो. लेबलवर २०१८ ची तारीख आणि चाललेले तास बारा, असं दिसलं तर सरळ विचार. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत असंच उघडकीला आलं. सीगेटच्या एक्झॉस मालिकेतल्या वापरलेल्या डिस्क कुणीतरी तास पुसून नव्या म्हणून बाजारात आणल्या होत्या. स्मार्टमधले, म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फो दाखवतो ते, तास शून्यावर होते, पण डिस्कच्या आतली 'फार्म' नावाची नोंद खरं बोलली. सीगेटची डिस्क असेल तर स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीने ती नोंद वाचता येते. तेवढे कष्ट घेच.

फार स्वस्त दिसली तर कनेक्टर बघ. साटा डिस्कच्या डेटा आणि पॉवरच्या पट्ट्यांमध्ये खाच असते, सॅसमध्ये ती भरलेली असते. सर्व्हरमधून निघालेली सॅस डिस्क आपल्या घरच्या मदरबोर्डला लागत नाही. नॅससाठी (नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी) घेत असशील तर मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाच. डब्ल्यूडी रेडच्या ४ टीबीमध्ये ईएफआरएक्स ही सीएमआर (सुटे ट्रॅक), तर ईएफएएक्स ही एसएमआर (एकमेकांवर चढलेले ट्रॅक). कंपनीने हे २०२० मध्ये मान्य केलं. नॅसच्या RAID रचनेतली डिस्क बदलून पुन्हा बांधणी करताना एसएमआर फार रखडते. नुसत्या कॉपी-बॅकअपला दोन्ही चालतात.

बिलावर सीरियल नंबर आणि परत घेण्याची मुदत लिहून घे. घरी आल्यावर खरी परीक्षा. क्विक फॉरमॅट नको. पूर्ण फॉरमॅट कर, म्हणजे आधीच्या मालकाचा डेटाही पुसला जाईल (तो उघडून बघायचा नाही). मग एच२टेस्टडब्ल्यूने डिस्क काठोकाठ भरून परत वाचून घे. ४ टीबीला लिहायला सात-आठ तास आणि वाचायला तेवढेच. रात्रभर चालू दे, यूपीएसवर. संपल्यावर तेच तीन आकडे पुन्हा बघ. एकही हलला असेल तर मुदत संपायच्या आत डिस्क परत कर.

पास झाली तर फोटो भर आणि केबल काढून ठेव. सतत जोडलेल्या बॅकअपला व्हायरसही गाठतो. पावसाळ्यात डबा घट्ट बंद आणि आत सिलिका जेल. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करून नाशिकला आत्याकडे ठेव, आणि दर दिवाळीला जाशील तेव्हा दोन-चार फाइल उघडून बघून ती बदलून आण.