आठवड्याचा बाजार

महाराष्ट्रातील खेडेगावात ‘बाजार कोठे आहे?’ असे सहसा कोणी विचारीत नाही. ‘बाजार कधी आहे?’ असे विचारतात. चाकणचा बाजार शनिवारी भरतो, सांगोल्याचा रविवारी, लोणंदचा गुरुवारी. शेजारशेजारच्या गावांचे वार शक्यतो एकमेकांवर पडत नाहीत. त्यामुळे मीठ-मसाला विकणारा व्यापारी आज एका गावी, तर उद्या दुसऱ्या गावी आपले पाल ठोकू शकतो. लहान गावाला मोठे दुकान रोज पोसवत नाही. म्हणून सात गावे एकच दुकान सात दिवसांत वाटून घेतात, असे म्हटले तरी चालेल.

परंतु बाजाराची खरी शोभा या फिरत्या व्यापाऱ्यांची नव्हे, ती शेतकऱ्यांची. पहाटेच मळ्यात तोडलेली भाजी पाट्यांत भरून, कोणी एस. टी.ने तर कोणी टेम्पोने येऊन पोहोचतात. गोणपाट अंथरले की दुकान मांडून झाले. मेथीच्या जुड्या, काटेरी वांगी, कोवळी गवार, हिरव्यागार मिरच्यांचे वाटे! ऋतू कोणता चालू आहे, हे कळण्यास येथे पंचांगाची गरज पडत नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली या रानभाज्या दिसतात. थंडीत हरभऱ्याचा पाला, ओला वाटाणा आणि बोरे. उन्हाळ्यात कैऱ्या, करवंदे. मुलूख बदलला की पाटीतला मालही बदलतो. जळगावकडे भरिताची मोठी, हिरवी वांगी दिसतील, पुरंदरच्या बाजूला अंजिरे दिसतील, तर मंगळवेढ्याकडे टपोऱ्या दाण्यांची ज्वारी. या तिन्ही पिकांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे त्या त्या भूमीचे नाव कायद्याने त्यांच्याशी जोडले गेले आहे.

दिवसाच्या पहिल्या विक्रीला ‘भवानी’ म्हणतात. भवानीचे पैसे विक्रेती कपाळाला लावते, मगच कमरेच्या पिशवीत ठेवते. हल्ली पाटीशेजारी मोबाईलने पैसे घेण्याची चौकटही टांगलेली दिसते. भवानी त्या वाटेने आली, तर कपाळाला काय लावावे, हा प्रश्न अजून सुटावयाचा आहे!

आता थोडा हिशेब करून पाहू. समजा, एका शेतकऱ्याने मेथीच्या शंभर जुड्या शहरात अडत्याकडे पाठविल्या. लिलावात जुडीला आठ रुपये भाव निघाला. गाडीभाडे व हमाली वजा जाता त्याच्या हाती जी ‘पट्टी’, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, आली, तिच्यात जुडीमागे सहाच रुपये उरले. तीच जुडी आणखी दोघांच्या हातांतून जाऊन घरोघरी वीस रुपयांना पोहोचली. मधली माणसे फुकट खातात असे मात्र समजू नका. तीही माल वाहतात, उन्हातान्हात बसतात, सडलेल्या मालाचा तोटा सोसतात. तरी पण वीस आणि सहा यांतील अंतर डोळ्यांत भरण्यासारखे आहे, हे खरेच.

पूर्वी तर शेतकऱ्याला भाव कळतही नसे. व्यापारी व अडत्या हातांवर रुमाल टाकून एकमेकांची बोटे दाबीत आणि सौदा ठरवीत. मालाचा धनी शेजारीच उभा असे, पण त्याला दिसे तो केवळ रुमाल. ही लबाडी मोडण्यासाठी बाजारांना नियम घालावे लागले. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे १९६३ साली महाराष्ट्राने बाजार समित्यांचा कायदा केला. उघड लिलाव होऊ लागले. २०१६ साली फळे व भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक मिळाली. राज्याच्या कृषी पणन मंडळाने शहरांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरविण्याची योजना हाती घेतली. तिला नाव दिले ते अरणच्या संत सावता माळी यांचे, ज्यांनी मळ्यातील कामातच देव पाहिला.

मग सगळाच माल शेतकऱ्यांनी स्वतः का विकू नये? दोनशे गोणी कांदा पुढ्यात ठेवून कोणी गोणपाटावर बसू शकत नाही. त्याला लासलगावसारखी मोठी पेठच हवी. हा बाजार पालेभाजीचा व थोड्या जमिनीच्या शेतकऱ्याचा. त्यालाही जुडीचे पंधरा रुपये सुखासुखी मिळत नाहीत. त्यापायी एक दिवस शेतातले काम बुडते, जाण्यायेण्याचे भाडे पडते, आणि सर्वांत अवघड वेळ येते ती संध्याकाळची.

दिवेलागणीच्या सुमारास मेथीची पाने माना टाकू लागतात. ती घरी परत नेली, तर गुरांपुढेच टाकावी लागणार. म्हणून सकाळी पंधराला दिलेली जुडी आता दहाला, मग पाचाला, अशा आरोळ्या सुरू होतात. सकाळी घासाघीस करून गेलेल्या गिऱ्हाइकाला हे पाहावयास मिळत नाही.

याच वेळी बाजारात निराळी गिऱ्हाइके येतात. पुष्कळ गावांत शेतमजुरांना आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते. काम संपवून, पैसे पदरी बांधून त्या बायका येतात, तेव्हा दिवस मावळलेला असतो. आठवड्याची भाजी त्यांना एवढ्याच पैशांत बसवावयाची असते. भाव उतरतो म्हणूनच त्यांची पिशवी भरते. आणि तो उतरतो म्हणूनच समोरच्या बाईची कमरेची पिशवी हलकी राहते. दोघींनाही हे ठाऊक असते. “पाचाला दोन दे गं बाई,” एक म्हणते. “दोन नाही परवडत, मावशी,” असे म्हणत दुसरी एक जुडी देते आणि वर मूठभर कोथिंबीर टाकते.