आधी बोअरचं पाणी तपासा, मग किट घ्या

"मॅडम, नांदेडच्या ताईंकडे तर मस्त येतंय. तुमचंच काहीतरी चुकतंय." हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे बिनमातीच्या शेतीचं, किट विकणाऱ्याचं हे एकच उत्तर मी हिवाळाभर ऐकलं. नांदेडच्या ताई म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोघींनी एकाच प्रदर्शनात तेच किट घेतलं: पांढरे पाईप, नेट पॉट, पंप आणि ए-बी या खतद्रावणांच्या बाटल्या. तिच्या गच्चीवर पालक तरारला, माझ्याकडे लातुरात पानांच्या कडा करपल्या. चूक माझी नव्हती. त्याचा पुरावा आता माझ्याकडे कागदावर आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

पाणी वाचेल म्हटलं की लातूरचा माणूस थांबून ऐकतोच. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्यासाठी रेल्वेने पाणी आलं, ते दिवस आम्ही काढलेत. त्या विक्रेत्याने नेमका तोच विषय काढला. "मातीपेक्षा नव्वद टक्के कमी पाणी, तुमच्या लातूरसाठीच आहे हे." मी तिथल्या तिथे विचारलं, आमचं बोअरचं पाणी आहे, सहाशे फुटांवरचं, भांड्यांना पांढरा थर बसतो, चालेल का? "कोणतंही पाणी चालतं," म्हणाला. जाऊ शेजारीच उभी होती.

पानं करपायला लागल्यावर फोटो पाठवले. उत्तर आलं, "द्रावण कमी पडतंय, वाढवा." वाढवलं. आणखी करपली. मग नवी बाटली घ्यायला लावली. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागल्या, तर म्हणे, "लोह कमी आहे, त्याचीही बाटली आहे." पाण्याबद्दल त्याने एकदाही विचारलं नाही.

शेवटी कृषी महाविद्यालयात शिकणारा माझा भाचा ईसी मीटर घेऊन आला. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते या मीटरवर कळतं. त्याने मीटर आधी टाकीत न घालता नुसत्या बोअरच्या पाण्याच्या बादलीत बुडवला. आकडा आला 1.6. "आत्या, यात काहीच टाकलेलं नाही ना?" त्याने दोनदा विचारलं. पालेभाजीला खतासकट द्रावणाचा ईसी साधारण 1.2 ते 1.8 लागतो. म्हणजे खताचा थेंब पडायच्या आधीच आमचं पाणी भरलेलं होतं, आणि तेही कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटने. मग टाकीत मीटर घातला, तो 3 च्या पुढे गेला. झाड पाणी पितं, नको असलेले क्षार मागे राहतात, वर आम्ही द्रावण वाढवतोय. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं तसं मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जात होतं. लोहाचंही तेच. बायकार्बोनेटमुळे पीएच 8 च्या आसपास चढला होता, तिथे लोह असूनही झाडाला मिळत नाही. त्याने विकलेली प्रत्येक बाटली वाया गेली होती.

नांदेडला जावेच्या नळाला विष्णुपुरीचं, गोदावरीचं पाणी. त्याचा ईसी 0.5 भरला. दोन्हीकडे किट एकच होतं, फरक फक्त पाण्याचा. बोअरचं पाणी मी प्रयोगशाळेतही तपासून घेतलं होतं, तो अहवाल विक्रेत्याला पाठवला. "मग आरओ बसवा," एवढं म्हणाला आणि पुढे फोन उचलणंच बंद केलं. आरओ जितकं पाणी देतं त्याहून जास्त बहुतेक वेळा बाहेर टाकतं. क्षार साचले की मला टाकी पुन्हापुन्हा ओतून द्यावी लागत होती, ते वेगळंच. नव्वद टक्के बचत कुठे गेली?

उन्हाळ्यात जावेचीही तीच गत झाली. एप्रिलमध्ये तिने एक रोप उपटलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुजकट वासाची. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल निघून आली आणि आत केसासारखा धागा उरला. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पिथियम बुरशीचं फावतं. "बाराही महिने भाजी" असं विक्रेत्याने सांगितलं होतं. तिच्या हिवाळ्यातल्या पालकाचा फोटो तो अजून नव्या गिऱ्हाइकांना दाखवतो, याचा मला खरा राग आहे.

हायड्रोपोनिक्सचं शास्त्र मात्र खोटं नाही. 1946 च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी कालिम्पोंगला खडीच्या साध्या वाफ्यांत, विजेशिवाय बिनमातीची शेती करून दाखवली होती. म्हणून ज्यांना करायचंच असेल त्यांनी हे ऐकावं.

पाणी आधी तपासा. मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू देऊन मग स्वच्छ बाटली भरा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत ईसी, पीएच, बायकार्बोनेट, सोडियम आणि क्लोराइड पाहून घ्या. पिण्याला चालणारं पाणी यालाही चालेल असं समजू नका.

पावसाचं पाणी साठवा. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. बोअरच्या पाण्यात ते मिसळून ईसी 0.5 च्या आसपास आणा, मगच खत टाका. पीएच 5.5 ते 6.5 ठेवा. त्यासाठी फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबाने, हातमोजे घालूनच वापरा.

ए आणि बी द्रावणं थेट एकमेकांत ओतू नका. कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट दाट द्रावणात एकत्र आले की पांढरा साका बसतो आणि खत वाया जातं.

सुरुवात गणपती-दसऱ्याच्या सुमारास करा, होळीला आवरा. टाकी सावलीत हवी, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. वीज जात असेल तर पाईपच्या नादी लागू नका. हवाई विद्यापीठाच्या क्रॅटकी यांची बिनपंपाची पद्धत झाकणाच्या बादलीत जमते. पाणी उतरेल तशी वरची मुळं हवेत राहू द्या, बादली पुन्हा काठोकाठ भरू नका.

घाई करू नका, थोड्यापासून सुरू करा. मेथी-कोथिंबीर तर कुंडीतल्या मातीतही छान येते.

आणि पक्कं बिल घ्या. "कोणतंही पाणी चालतं" हे वाक्य त्यावर लिहून मागा, मेसेज पुसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मी केलाय. विक्रेत्यांनाही एक सांगणं आहे: मराठवाड्यात किट विकायचं असेल तर खिशात ईसी मीटर ठेवा आणि पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाचं पाणी तपासा.