मुलांच्या ताटातला ट्राउट

आईबाबांनो, कुलू-मनालीला किंवा काश्मीरला जाऊन आलेली मंडळी हल्ली ट्राउटचं नाव हमखास काढतात. परदेशात राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांना तर तो तिथल्या सुपरमार्केटात सहज मिळतो. पापलेट-बांगड्यावर वाढलेल्या आईला मग प्रश्न पडतो, हा गोड्या पाण्यातला मासा मुलाला मानवेल का? त्यात काही सत्त्व असतं का? तुमच्या घरात मासे चालत असतील, तर माझं उत्तर सरळ आहे. जरूर द्या, फक्त साधा शिजवून द्या.

हा मासा मूळचा आपल्याकडचा नाही. रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा, तर ब्राउन ट्राउट युरोपातला. इंग्रजांच्या काळात, १९००च्या सुमारास, ब्राउन ट्राउट काश्मीरच्या पाण्यात आला आणि पुढे काही वर्षांत हिमाचलात पोचला. त्याला थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाण्याचं तापमान वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. म्हणूनच तो आपल्या तळ्या-धरणांत दिसत नाही. मुंबई-पुण्यात मिळतो तो बहुधा बर्फातला.

आता सत्त्वाकडे वळू. मत्स्यशेतीत वाढवलेल्या रेनबो ट्राउटच्या शिजवलेल्या १०० ग्रॅम मांसात साधारण १७० कॅलरी, २४ ग्रॅम प्रथिनं आणि ७ ग्रॅम चरबी असते. पण चार-पाच वर्षांचं मूल काही १०० ग्रॅम खात नाही. त्याच्या वाट्याची तुकडी ६० ग्रॅमच्या आतबाहेर धरा. तेवढ्यातही सुमारे १४ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि आपल्या आयसीएमआरच्या शिफारशीनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज आहे १६ ग्रॅम. त्याच तुकडीत बी-१२ची दिवसाची गरज भागते आणि ड जीवनसत्त्वाचाही मोठा वाटा मिळतो. ड जीवनसत्त्व असलेले पदार्थ आपल्या रोजच्या जेवणात किती कमी आहेत ते आठवून पाहा, म्हणजे या तुकडीचं मोल कळेल. दिवसभर शाळेत, क्लासमध्ये आणि बंद घरात असणाऱ्या मुलांना ऊन तरी कुठे मिळतं?

याशिवाय ओमेगा-३ आहे. त्यातलं डीएचए हे मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या जडणघडणीतच असतं. मात्र मासा खाल्ला की मूल पहिलं येईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वाढत्या मेंदूला लागणारा कच्चा माल मासा पुरवतो, आणि तेवढंही पुष्कळ आहे. त्यात नसतं तेही सांगते. चोथा नाही, क जीवनसत्त्व जवळजवळ नाही, आणि लोह तर १०० ग्रॅममध्ये अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. पण माशासोबत खाल्लेल्या डाळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मासा मदत करतो. म्हणून नुसता मासा देऊ नका. भात, वरण, एखादी पालेभाजी आणि वरून लिंबू, असं पुरतं ताट वाढा.

‘शिजवल्यावर सत्त्व निघून जातं का?’ असं आया विचारतात. शिजवताना मुख्यतः पाणी जातं. कच्च्या १०० ग्रॅमचे शिजून ७५-८० ग्रॅम होतात, म्हणूनच शिजवलेल्या माशाचे प्रथिनांचे आकडे जास्त दिसतात. वाफवलं, ओव्हनमध्ये भाजलं किंवा पातळ कालवण केलं, तर ओमेगा-३ चांगलं टिकतं. कालवण असेल तर रस्साही भातावर घ्या, पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वं त्यात असतात. कढईभर तेलात तळलं की मात्र माशातली चरबी थोडी बाहेर जाते आणि तळणीचं तेल आत शिरतं. रवा लावून तव्यावर परतलेली तुकडी अधूनमधून करायला माझी काही हरकत नाही, पण नेहमीची पद्धत ती नसावी. हळद, मीठ, आलं-लसूण आणि लिंबू लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि झाकण घालून मंद आचेवर शिजू द्या. मांस पारदर्शक राहिलं नाही आणि काट्याचमच्याने त्याच्या पाकळ्या सुटू लागल्या की झालं. त्यापुढे शिजवलात तर तो कोरडा होतो, आणि कोरडा मासा मुलं तोंडातून बाहेर काढतात.

खरी भीती असते ती काट्यांची. अख्खा ट्राउट शिजला असेल तर पाठीच्या कडेने सुरी फिरवा, वरची बाजू अलगद उलटा आणि शेपटीकडून मधला काटा उचला. नीट शिजला असेल तर तो डोक्यापर्यंत सलग निघून येतो. पण तेवढ्यावर थांबू नका. मांसाच्या मध्यरेषेवर, डोक्याकडच्या भागात, बारीक काट्यांची एक ओळ मागे राहते. ती डोळ्यांना चुकते, बोटांना सापडते. अंगठा आणि तर्जनीत प्रत्येक घास चुरून पाहा आणि मगच भातात कालवा. लहान मुलाला भरवताना टीव्ही बंद ठेवा आणि घाई करू नका.

माशावर दूध प्यायलं की अंगावर पांढरे डाग उठतात, हा धाक अजूनही घराघरांत आहे. ते डाग त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे येतात, आणि बहुतेक वेळा त्या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटलेली असते. मासा आणि दूध यांचा त्यात दोष नाही. आजीला दोन्ही एकत्र नको वाटत असेल तर तिचा मान राखून दूध रात्री द्या, पण त्या भीतीपोटी मासाच बंद करू नका. जपायचं ते ॲलर्जीला. पहिल्यांदा देताना अगदी थोडा द्या आणि लक्ष ठेवा. अंगावर गांधी, ओठांना सूज, उलट्या दिसल्या तर पुन्हा देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला तर वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

पाऱ्याबद्दलही विचारणा होते. दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या, दीर्घायुषी माशांमध्ये पारा साठत जातो, म्हणून मुलांना मुशीसारखे शार्क देऊ नयेत. ट्राउटमध्ये पारा कमी असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांसाठी निवडलेल्या उत्तम माशांच्या यादीत तो आहे, आणि त्यांचा सल्ला आठवड्यातून दोनदा मासा द्यावा असा आहे. परदेशातल्या आयांनो, धुरावलेला ट्राउट मात्र मुलांना नेहमी देऊ नका, त्यात मीठ फार असतं. थंड धुरावर केलेला तर गरोदरपणात तुम्हीही टाळा.

आणि इकडच्या आईबाबांनो, ट्राउट परवडत नाही किंवा मिळत नाही म्हणून मन खट्टू करू नका. आपल्या बाजारातले बांगडा आणि तारली हेही तेलकट मासे आहेत, ओमेगा-३ त्यांच्यात भरपूर असतं आणि खिशालाही ते जड नाहीत. ताजा बांगडा मिळत असताना बर्फातल्या ट्राउटमागे पैसे घालण्यात मला शहाणपण दिसत नाही. काटे बांगड्यालाही असतात, बोटांची तपासणी तिथेही तशीच करायची.

सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्या घरांतही बुधवार आणि रविवार मोकळेच असतात. त्या दोन वारी मुलाच्या ताटात त्याच्या तळहाताएवढी माशाची तुकडी, काटे काढून, भातासोबत वाढा. पुढच्या बुधवारपासूनच सुरू करा.