मूलपेशी : उपचाराची आशा आणि शरीअतची मर्यादा

इंग्रजीतील ‘स्टेम सेल’ या संज्ञेसाठी मराठी शास्त्रलेखनात ‘मूलपेशी’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द चांगला आहे, पण कानाला फसवणारा आहे. ऐकणाऱ्याला तो ‘मुलाची पेशी’ असा वाटतो, आणि मग हा सारा विषय गर्भपाताशी जोडून कुणी तो सरसकट हराम ठरवतो. वस्तुतः येथे मूल म्हणजे मूळ. ज्या पेशीपासून इतर पेशी तयार होतात आणि जी स्वतःसारख्या पेशीही निर्माण करत राहते, ती मूलपेशी. आपल्या प्रत्येकाच्या हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, अशा पेशी अहोरात्र कार्यरत असतात. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांची जागा घेणाऱ्या नव्या पेशी याच मज्जेतून येतात. म्हणजे ज्या गोष्टीविषयी आपण ‘जायज की नाजायज’ असे विचारतो, ती अल्लाहने आपल्या देहात आधीच ठेवलेली आहे. प्रश्न आहे तो ती कोठून घ्यायची, कोणाकडून घ्यायची आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवून घ्यायची, याचा.

हा प्रश्न आपल्या विदर्भात केवळ पुस्तकी नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. आदिवासी व दलित समाजांत तो अधिक आहे हे खरे, परंतु रक्ताला जात वा धर्म कळत नाही. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकच घटक बदलतो आणि वाटोळी, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्यातून येणाऱ्या वेदना ज्याने घरात पाहिल्या आहेत त्याला त्यांचे वर्णन सांगावे लागत नाही. शरीरातील पाणी कमी झाले की हे दुखणे उसळते. म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात रमजान आला आणि डॉक्टरांनी अशा रुग्णाला रोजा मना केला, तर त्याला टोमणे मारणाऱ्यांनी आजारी माणसाला कुरआननेच दिलेली सवलत आठवावी.

सिकलसेलवर हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे. ते वेदनांचे झटके कमी करते, पण रोग मुळासकट काढत नाही. मुळासकट काढण्याचा प्रस्थापित मार्ग म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. रुग्णाची सदोष मज्जा औषधांनी नष्ट करून तिच्या जागी निरोगी व्यक्तीच्या मूलपेशी सोडायच्या. भारतात हे पहिल्यांदा घडले ते मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, १९८३ साली. या उपचाराचा पाया घालणारे अमेरिकी डॉक्टर ई. डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ‘मूलपेशी उपचार’ म्हणजे काही कालची कल्पना नव्हे. रक्ताच्या आजारांपुरता तो चार दशकांहून अधिक काळ भारतात सिद्ध आणि मान्य आहे.

औषधोपचार करावा की नाही, याविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण स्पष्ट आहे. उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या कथनानुसार आपण उपचार करण्यास सांगितले आणि वार्धक्य वगळता प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज उतरवल्याचे कळविले. पण माणसाच्या शरीराचा भाग औषध म्हणून वापरावा काय? आपल्या हनफी फुकहांसमोर हा प्रश्न जुनाच होता, फक्त तो स्त्रीच्या दुधाच्या रूपात आला होता. दूध हाही मानवी शरीराचा अंश आहे. तरीही ‘फतावा आलमगिरी’त ते औषध म्हणून नाकात घालण्यास वा पिण्यास हरकत नसल्याचे नमूद आहे. विसाव्या शतकात रक्तदानाचा प्रश्न आला तेव्हा मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी याच दुधाच्या मसअल्यावर कयास करून गरजेच्या वेळी रक्त देणे-घेणे जायज ठरवले. दोन्हींत शरीराची कापाकाप नाही, आणि दिलेला अंश शरीर पुन्हा भरून काढते. अस्थिमज्जेलाही हेच लागू पडते. दात्याची मज्जा काही आठवड्यांत पूर्ववत होते. मात्र विक्रीला परवानगी नाही. माणूस हा बाजारातील माल नव्हे, या तत्त्वावर फुकहा ठाम आहेत.

येथून पुढे वारंवार विचारल्या जाणाऱ्या एका शंकेकडे वळू. प्रत्यारोपणानंतर रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो, हे वैद्यकीय सत्य आहे. त्याच्या रक्तातील पेशींची डीएनए चाचणी केली तर तीही दात्याकडे बोट दाखवते. मग दाता आणि रुग्ण भाऊ-बहीण झाले काय? त्यांचा आपसांत निकाह होऊ शकत नाही काय? उत्तर असे की नाते तीनच मार्गांनी जुळते : वंशाने, निकाहाने आणि ठरावीक वयात केलेल्या दुग्धपानाने. दुधाची हुरमत नस्साने, म्हणजे थेट धर्मवचनाने आली आहे. तिच्यावर कयास करून रक्ताची नवी हुरमत निर्माण करता येत नाही. रुग्णाचा वंश त्याच्या आई-बापाचाच राहतो. प्रयोगशाळेचा कागद काहीही सांगो.

लहान भावंडाची मज्जा घेण्याचा मुद्दा अधिक नाजूक आहे. एका आईबापाच्या दोन भावंडांचे ऊतीगट पूर्णतः जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून बहुधा दाता घरातच शोधला जातो, आणि तो कधी पाच-सहा वर्षांचा असतो. त्याला संमतीचा अर्थ कळत नाही. बाप त्याच्या वतीने होकार देऊ शकतो काय? राबिता आलमे इस्लामीच्या मक्का येथील फिकह परिषदेने डिसेंबर २००३ मधील सतराव्या अधिवेशनात मूलपेशींविषयी ठराव केला. त्यात मुलाच्या मूलपेशी घेण्यास पालकाच्या परवानगीने मान्यता आहे, मात्र त्याला हानी पोहोचता कामा नये ही अट आहे. मला या अटीवर भर द्यावासा वाटतो. पालकत्व ही मालकी नव्हे, अमानत आहे. आजारी मुलाच्या काळजीत निरोगी मुलाची भीती कुणी विचारातच घेत नाही. भूल देण्यातील धोका काय, सुई कोठे टोचणार, हे त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत त्याला सांगणे हे वलीचे कर्तव्य आहे.

आता वादाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९९८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या केल्या. फलनानंतर साधारण पाचव्या दिवशीचा तो भ्रूण. त्याच्या आतल्या पेशी शरीरातील कोणताही अवयव घडवू शकतात, म्हणून संशोधकांना त्यांचे अप्रूप. पण त्या काढताना भ्रूण नष्ट होतो. कॅथलिक चर्चने यास सक्त विरोध केला. २००१ मध्ये अमेरिकी सरकारने संशोधनासाठी मान्य केलेल्या पेशीवंशांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचीही नावे होती, म्हणजे हा वाद आपल्या अंगणातलाही आहे.

आपल्याकडे या चर्चेचा आधार सूरह अल-मोमिनूनमधील आयती (२३:१२-१४) आहेत. तेथे मानवाची घडण टप्प्याटप्प्याने सांगितली आहे आणि अखेरीस त्याला एका निराळ्याच सृष्टीचे रूप दिल्याचा उल्लेख आहे. बुखारी व मुस्लिममध्ये अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या हदीसवरून बहुसंख्य उलमांनी रूह फुंकली जाण्याचा काळ १२० दिवसांनंतरचा मानला. सहीह मुस्लिममध्ये हुजैफा बिन असीद (रजि.) यांच्या कथनात बेचाळीस रात्रींचा उल्लेख येतो, म्हणून काहींनी मर्यादा अलीकडे ओढली. मालिकी फुकहा तर गर्भाशयात स्थिरावलेला अंशही हलवू देत नाहीत.

काही सुशिक्षित बांधव यावरून चटकन निष्कर्ष काढतात की १२० दिवसांपूर्वी काहीही चालते. हे आपल्या फिकहचे अपुरे वाचन आहे. फकीह काजीखान (रह.) यांचा युक्तिवाद पाहा. एहराममध्ये असलेल्या माणसाने शिकारीच्या पक्ष्याचे अंडे फोडले तर त्याला भरपाई द्यावी लागते. का? अंड्यात अजून पक्षी नाही. पण अंडे हे पक्ष्याचे ‘अस्ल’ आहे. मग मानवाचे अस्ल विनाकारण नष्ट करणारा गुन्ह्यातून कसा सुटेल? इब्ने आबिदीन (रह.) यांनीही हा मुद्दा उद्धृत केला आहे. अस्ल म्हणजे मूळ, आणि आपला मराठी शब्दही ‘मूल’पेशीच. रूह नसली तरी हुरमत आहे, आणि सबळ कारण असेल तरच सूट आहे, अशी ही भूमिका.

मक्का परिषदेने याच समतोलाने निर्णय दिला. प्रौढांच्या पेशी, नाळेतील रक्त, वार, आपोआप पडलेला गर्भ यांतून मूलपेशी घेणे जायज. पती-पत्नीच्या उपचारासाठी प्रयोगशाळेत तयार केलेल्या भ्रूणांपैकी जे शिल्लक उरले, ते त्या दोघांनी दिल्यास तेही जायज, परंतु त्यांतून अन्य स्त्रीस गर्भधारणा करता येणार नाही. मुद्दाम गर्भपात घडवून, परक्या स्त्री-पुरुषांच्या बीजांपासून मुद्दाम भ्रूण तयार करून, किंवा क्लोनिंग करून पेशी मिळवणे हराम. भारताच्या २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यातही शिल्लक भ्रूण दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला देण्याची तरतूद आहे, आणि राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाही. दरम्यान जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या व पुढच्याच वर्षी मानवाच्या त्वचेच्या पेशींना मागे फिरवून मूलपेशींसारखे बनवले, आणि २०१२ चे नोबेल मिळवले. भ्रूणाला हात न लावता काम होत असेल, तर माझ्या मते भ्रूणाचा मार्ग सोडणेच एहतियातीचे आहे.

परंतु नागपुरातील सामान्य कुटुंबाला भ्रूणापेक्षा वेगळा धोका अधिक आहे, आणि तो म्हणजे आशेचा व्यापार. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मधुमेह, गुडघेदुखी, मणक्याची इजा, सगळ्यांवर एकच ‘स्टेम सेल’ इंजेक्शन, आणि त्यासाठी लाखोंची मागणी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची तत्त्वे सांगतात की रक्तविकारांसारख्या मान्य आजारांखेरीज मूलपेशींचा वापर केवळ नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीतच करता येतो. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कुणी ‘हे संशोधन आहे’ असेही म्हणत असेल आणि पावतीही फाडत असेल, तर दोहोंपैकी एक खोटे आहे. ऑटिझमसाठी हा उपचार शिफारसयोग्य नसल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले.

इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत असे की सज्ञान माणूस उधळ्या असला तरी त्याच्या व्यवहारांवर बंदी घालू नये, इतके ते व्यक्तिस्वातंत्र्य जपत. तरीही तिघांना मात्र त्यांनी रोखण्यास सांगितले : लोकांना पळवाटा शिकवणारा मुफ्ती, अडाणी वैद्य, आणि जवळ जनावर नसताना भाडे उकळणारा वाहतूकदार. पहिला दीन बिघडवतो, दुसरा देह, तिसरा माल. आणि वैद्यकी येत नसताना उपचार करणारा नुकसानीस जामीन आहे, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. न सिद्ध झालेला उपचार सिद्ध म्हणून विकणाऱ्याकडे पदवी असली, तरी त्या उपचारापुरता तो या अडाणी वैद्याच्याच रांगेत बसतो असे मला वाटते.

नाळेचे रक्त खासगी बँकेत साठवण्याचा आग्रह बाळंतपणाच्या आधीच सुरू होतो. आपल्याकडे वार आणि नाळ पुरण्याची रीत आहे. मानवी अंशाचा आदर म्हणून फुकहांनीही ती पसंत केली आहे. उपचारार्थ नाळेचे रक्त घेतल्याने त्या आदराला बाध येत नाही. साठवणुकीचे भाडे देणेही मुळात हराम नाही. पण बाळाला आनुवंशिक रक्तविकार असेल, तर त्याच्या स्वतःच्या नाळेतही तोच दोष असतो. तेव्हा ते रक्त त्याच्या कामाचे नाही. उपरोक्त राष्ट्रीय तत्त्वेही निव्वळ स्वतःच्या भावी वापरासाठीच्या साठवणुकीची शिफारस करत नाहीत. घरात आधीच एखादे मूल आजारी असेल, तर मात्र धाकट्याच्या नाळेचे रक्त जपून ठेवण्यात अर्थ आहे. हा फरक न सांगता ‘बाळाचा विमा’ म्हणून केलेली विक्री ही प्रेषित (स.) यांनी मना केलेल्या गररमध्ये, अनिश्चिततेच्या सौद्यात मोडते.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने सिकलसेलवर जनुक दुरुस्त करणारा ‘कॅसजेव्ही’ उपचार मंजूर केला. रुग्णाच्याच मूलपेशी काढून, सुधारून परत सोडतात. दात्याची गरज नाही. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर. आपल्या आवाक्यातील गोष्ट याहून साधी आहे. निकाहापूर्वीची रक्तचाचणी. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्याअंतर्गत सरकारी दवाखान्यांत तपासणी होते, आणि चंद्रपुरात हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी केंद्रीय संशोधन केंद्र आहे. वधू-वर दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भात आजाराची शक्यता २५ टक्के असते. चुलत-मामेभावंडांचा निकाह शरीअतने जायज ठेवला आहे, फर्ज केलेला नाही. एकाच घराण्यात वाहक असण्याचा संभव जास्त, म्हणून तेथे चाचणी अधिक निकडीची. आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहक मुलीचे स्थळ मोडून तिच्या नावाची मोहल्ल्यात चर्चा करणे ही गीबत आहे. तिच्यासाठी वाहक नसलेला वर पाहिला की प्रश्न मिटतो.

शेवटी जकातीचा मसअला, कारण प्रत्यारोपणाचा खर्च दहा लाखांच्या घरात जातो. थॅलेसीमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाची बालसेवा योजना दहा लाखांपर्यंत मदत करते, वय आणि उत्पन्नाच्या अटी पाहून तेथे आधी अर्ज करावा. जकात द्यायची तर ती हकदाराच्या मालकीत गेली पाहिजे. रुग्ण सज्ञान व निसाबाचा मालक नसेल तर त्याला, अल्पवयीन असेल व बाप गरीब असेल तर मुलाच्या वतीने बापाला द्यावी. बाप धनवान असेल तर अल्पवयीन मुलही धनवानच गणले जाते, त्याला जकात लागू होत नाही. सय्यद घराण्यातील रुग्णाला जकातीऐवजी इतर रकमेतून मदत करावी. बैतुलमालने थेट रुग्णालयात पैसे भरायचे असतील, तर आधी रुग्णाकडून किंवा त्याच्या वलीकडून तसा अधिकार घ्यावा, म्हणजे ती रक्कम त्याच्या वतीने भरली असे होईल आणि देणाऱ्याची जकात अदा होईल.