एक ग्रंथ, अनेक आवृत्त्या : प्रमाण क्रमांकांची ओळख

पैनगंगेच्या दक्षिणेस, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात बेला हे मंडल आहे. नदीपलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा हा भाग हैदराबाद संस्थानाच्या जुन्या प्रदेशातून आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तो तेलंगण राज्यात आहे. राज्ये बदलली तरी मराठी बोलणारी कुटुंबे आणि त्यांच्या घरचे मराठी ग्रंथ तेथेच राहिले. अशा सीमाभागात एकच ग्रंथ निरनिराळ्या वाटांनी येतो. एखादी प्रत आजोबांच्या काळची असते, एखादी पंढरपूरच्या वारीत घेतलेली, तर एखादी शाळेच्या ग्रंथालयासाठी टपालाने मागविलेली. या सर्व प्रती एकाच ग्रंथाच्या आहेत काय, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो तसा नाही.

समजा, बेल्यातील एका शिक्षकाने तुकाराममहाराजांच्या एका अभंगाचा क्रमांक फळ्यावर लिहून दिला. विद्यार्थ्याने घरच्या गाथेत तो क्रमांक उघडला, तर तेथे भलताच अभंग! यात शिक्षकाची चूक नाही आणि विद्यार्थ्याचीही नाही. गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत अभंगांची संख्या, त्यांचा क्रम आणि काही ठिकाणी पाठही वेगळे आहेत. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी संपादिलेली गाथा मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघाली. पुढे १९५० च्या दशकात मुंबई शासनाने त्याच पाठाच्या आधारे गाथा प्रसिद्ध केली. याशिवाय वारकरी परंपरेतील संपादकांच्या गाथा आहेत. फ्रेझर आणि मराठे यांचे इंग्रजी भाषांतर विसाव्या शतकाच्या आरंभी तीन भागांत आले, तर दिलीप चित्रे यांचे इंग्रजी भाषांतर १९९१ साली. तात्पर्य, अभंगाचा क्रमांक सांगताना गाथा कोणती हे सांगितले नाही, तर तो क्रमांक निरुपयोगी ठरतो.

पुस्तकाचा क्रमांक

ही अडचण केवळ मराठीची नव्हे. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात पुस्तकविक्रीच्या सोयीसाठी नऊ अंकी क्रमांक वापरात आले. त्यांच्या आधारे १९७० साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक, ज्यास संक्षेपाने आयएसबीएन म्हणतात, निश्चित झाला. तो प्रथम दहा अंकी होता. १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला. भारतात हा क्रमांक नवी दिल्ली येथील राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेमार्फत दिला जातो. ९७८ या अंकांनंतर ८१ किंवा ९३ असेल, तर ते पुस्तक भारतीय प्रकाशकाचे असे समजावे. त्यापुढील अंक प्रकाशकाचे आणि पुस्तकाचे असतात.

शेवटचा अंक तपासणीचा असतो. शिक्षकांनी तो वर्गात गणिताचा पाठ म्हणून अवश्य घ्यावा. उदाहरणार्थ, ९७८०३०६४०६१५ हे पहिले बारा अंक घेऊ. पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम स्थानांवरील अंकांची बेरीज २७ होते. सम स्थानांवरील अंकांची बेरीज २२. तिची तिप्पट ६६. दोन्ही मिळून ९३. पुढील पूर्ण दशक १०० गाठण्यास ७ हवेत, म्हणून तेरावा अंक ७. लिहिताना एखादा अंक चुकला, तर हिशेब जुळत नाही आणि चूक तत्काळ उघड होते.

क्रमांकाची मर्यादा

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. हा क्रमांक ग्रंथकर्त्याच्या कृतीचा नसून प्रकाशित आवृत्तीचा असतो. एकाच कादंबरीची कापडी बांधणी, साधी बांधणी, सुधारित आवृत्ती आणि भाषांतर यांना निरनिराळे क्रमांक मिळतात. मजकुरात बदल न करता केलेल्या पुनर्मुद्रणास मात्र जुनाच क्रमांक चालतो. शिवाय १८७३ च्या गाथेस असा क्रमांक असणे शक्यच नव्हते. तसेच हा क्रमांक म्हणजे गुणवत्तेचा दाखला किंवा लेखनहक्काचा पुरावाही नव्हे.

म्हणजे क्रमांकाने आवृत्त्या वेगळ्या ओळखता येतात. पण त्या एकाच कृतीच्या आहेत हे कसे कळावे? ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ साली यासाठी चार पायऱ्यांची मांडणी केली : मूळ कृती, तिचा विशिष्ट पाठ किंवा भाषांतर, त्याची प्रकाशित आवृत्ती आणि हातातील प्रत. तुकारामांची अभंगवाणी ही कृती; पंडितांनी सिद्ध केलेला पाठ ही दुसरी पायरी; १८६९-७३ चे मुद्रण ही तिसरी; आणि बेल्यातील एखाद्या कपाटातील पोथी ही चौथी. २००९ साली केवळ कृतीसाठीही एक आंतरराष्ट्रीय क्रमांक ठरविण्यात आला, परंतु प्रकाशकांनी तो फारसा स्वीकारला नाही व तो मागे पडला. नियतकालिकांच्या बाबतीत मात्र यश आले. त्यांच्या आठ अंकी आयएसएसएन क्रमांकात २००७ पासून जोडक्रमांकाची सोय झाली. त्यामुळे एकाच मासिकाची छापील व संगणकीय रूपे एकत्र सापडतात. ग्रंथकारांच्या नावांसाठीही २०१२ पासून सोळा अंकी क्रमांक आहे. रोमन लिपीत एकच नाव पाच प्रकारे लिहिले गेले, तरी व्यक्ती एकच हे त्यावरून कळते.

गावपातळीवर काय करावे?

जोडणीचे हे काम राजधानीतील ग्रंथालयांपुरते मर्यादित नाही. शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयातील दाखल नोंदवहीत ग्रंथनाम आणि लेखक यांच्याबरोबर संपादक किंवा भाषांतरकार, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष आणि असल्यास तेरा अंकी क्रमांक लिहावा. क्रमांक नसलेल्या जुन्या ग्रंथाचे मुखपृष्ठ फाटले असेल, तर आतील शीर्षकपृष्ठ पाहून नोंद करावी. एकाच कृतीच्या अनेक आवृत्त्या असतील, तर त्या एका ठराविक शीर्षकाखाली एकत्र मांडाव्यात. पुस्तकांची मागणी नोंदविताना अधिकाऱ्यांनी केवळ नाव न कळविता क्रमांक कळवावा; म्हणजे हवी तीच आवृत्ती येईल आणि सार्वजनिक पैसा वाया जाणार नाही.

सीमाभागात या नोंदीचे मोल अधिक आहे. तेथील जुनी प्रत एकदा रद्दीत गेली की ती कोणत्या पाठाची होती हे सांगणारे कोणी उरत नाही. नोंदवहीतील चार ओळी हे काम करू शकतात. त्या लिहिलेल्या असतील, तर फळ्यावरील अभंग विद्यार्थ्याला घरच्या गाथेतही सापडेल.